आमच्यात चांगले कोण?

महाराष्ट्रात ख्रिस्ती म्हणून जन्माला आलं की आयुष्यभर दोन प्रश्नांना तोंड द्यावं लागतं. पहिला, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" याचं उत्तर सोपं आहे, घरात दुसरी भाषाच नाही. दुसरा प्रश्न जरा थांबून, आवाज खाली आणून येतो. "तुमच्यात चांगले कोण हो? कॅथलिक की प्रोटेस्टंट?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं. त्याच्या डोक्यात देशस्थ-कोकणस्थांचा तक्ता तयार असतो आणि आम्हाला त्यातल्या कुठल्या रकान्यात बसवायचं, एवढंच त्याला हवं असतं. शेजारच्या जोशीकाकांनी तर एकदा माझ्या उत्तराची वाट न पाहताच निकाल दिला. "म्हणजे कॅथलिक हे तुमच्यातले सोवळ्याचे." माझ्या कॅथलिक आत्याला मी हे सांगितलं, तर तिला ते इतकं पटलं की पुढच्या नाताळला जोशीकाकांकडे फराळाच्या डब्यात करंज्या दुप्पट गेल्या.

मला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही, कारण आमच्या घरातच तो सुटलेला नाही. आम्ही नगरचे, आता अहिल्यानगरचे. थोरले काका निवृत्त मुख्याध्यापक. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या पास्टोरेट कमिटीत ते इतकी वर्षं आहेत की पाळक बदलतात, काका बदलत नाहीत. आत्या लग्न होऊन श्रीरामपूरकडे गेली आणि कॅथलिक झाली. सुनेने सासरचे कुळाचार सासूपेक्षा कडक पाळावेत, तशी ती रोझरी करते. मावशीचे यजमान मुक्तिफौजेचे. त्यांच्यात बाप्तिस्माही नाही आणि प्रभुभोजनही नाही, पण गणवेश आहे आणि बँड आहे. एक चुलतभाऊ पुण्यात ॲडव्हेंटिस्टांची मुलगी करून बसला. त्याचा रविवार आता शनिवारी येतो आणि त्याच्या ताटातून डुक्कर कायमचं उठलं आहे. अशी ही मंडळी नाताळला एका छपराखाली जमतात. सगळ्यांचा देव एक, तारणारा एक, आणि प्रत्येकाला बाकीच्यांच्या तारणाची मनापासून काळजी.

गंमत अशी की यातल्या कुणाच्याही पणजोबांनी त्रैक्याच्या सिद्धांतावर रात्र-रात्र विचार करून पंथ निवडलेला नाही. पंथ निवडला तो मिशनच्या बैलगाडीने. एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंट मिशनांनी आपसांत एक समजूत केली होती, की एकाच्या क्षेत्रात दुसऱ्याने पाय ठेवायचा नाही. त्यामुळे मराठी मुलुखाची चक्क वाटणी झाली. मुंबईला १८१३ मध्ये आणि नगरला १८३१ मध्ये आलेलं अमेरिकन मराठी मिशन इकडे नगर-सोलापूर-वाई धरून बसलं. कोल्हापूर-मिरजेला अमेरिकेचेच, पण प्रेस्बिटेरियन. नाशकात इंग्लंडच्या चर्चची सी.एम.एस. जालना आणि नागपूर स्कॉटिश लोकांकडे, बुलढाणा-वाशिमकडे नाझरीन, डहाणूला ब्रेदरन. ज्याच्या गावात ज्याची शाळा आधी उघडली, ज्याच्या दवाखान्यात ज्याचं पोर वाचलं, त्याचा तो झाला. माझ्या आजोबांचं गाव आणखी काही कोस पलीकडे असतं, तर काका आज तितक्याच तावातावाने पोपच्या टोपीचं समर्थन करत असते.

नगर जिल्ह्यात मात्र ही समजूत फार टिकली नाही. अमेरिकनांच्या मागोमाग इंग्लंडच्या चर्चची एस.पी.जी. आली आणि मग जर्मन जेझुइट आले. जेझुइटांनी कुणाशी समजूत केलेलीच नव्हती, त्यामुळे त्यांना ती मोडण्याचं पापही लागलं नाही. काही गावांत एक वाडा एका मिशनकडे गेला की दुसरा वाडा मुद्दाम दुसऱ्या मिशनकडे गेला. हे दोन वाडे आधीपासून एकमेकांच्या विहिरीवर पाणी भरत नव्हते. आता न भरण्याला नवं कारण मिळालं, आणि ते कारण थेट युरोपातून आलेलं होतं. हे बोलायला आमच्यात कुणाला फारसं आवडत नाही. पंथाच्या नावाखाली जुनी जात किती सुखाने नांदली, हा विषय निघाला की काकांना एकदम औषधाची वेळ आठवते आणि आत्याला गॅसवरचं दूध.

युरोपातली कारणं तरी कसली! १८ मे १८४३ ला एडिंबरात स्कॉटिश चर्चच्या महासभेतून पाळकांचा मोठा गट उठून चालता झाला, आणि एकूण चारशेच्या वर पाळकांनी वेगळं होऊन फ्री चर्च काढलं. भांडण असं, की गावातला पाळक नेमायचा कुणी, तिथल्या जमीनदाराने की मंडळीने? मुद्दा रास्त होता. पण त्या जमीनदारांनी मुंबई नकाशावरही पाहिली नसेल, आणि तरी मुंबईतलं स्कॉटिश मिशन त्यांच्यापायी दुभंगलं. डॉ. जॉन विल्सन आणि त्यांचे सहकारी फ्री चर्चच्या बाजूने गेले. शाळेसाठी नव्याने बांधलेली इमारत त्यांना जुन्या चर्चकडे सोडून बाहेर पडावं लागलं आणि शाळा दुसरीकडे नव्याने थाटावी लागली. विल्सन कॉलेज हे त्या थाटण्याचं वाढलेलं रूप. 'यमुनापर्यटन' लिहिणारे आमचे बाबा पदमनजी बाप्तिस्म्याच्या वेळी बेळगावच्या लंडन मिशनचे होते, पुढे ते फ्री चर्चचे झाले. स्कॉटलंडच्या जमीनदाराचा हक्क ही काही बाबांची रोजची चिंता असणार नाही. शेवटी १९२९ मध्ये तिकडचे बहुतेक सगळे पुन्हा एक झाले. इकडे तोवर फ्री चर्चमध्ये आजोबांची लग्नं होऊन गेली होती.

अशा भांडणांतून कधी कधी आपलं भलंही होतं. इंग्लंडच्या राजघराण्याने रोमशी काडीमोड घेतला आणि पुढे तिथे कॅथलिक धर्मगुरूंना फासावर चढवू लागले. त्याच इंग्लंडातला थॉमस स्टीफन्स नावाचा तरुण देश सोडून जेझुइट झाला आणि १५७९ मध्ये गोव्याला पोहोचला. १६१६ मध्ये त्याचं 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. जवळपास ११,००० ओव्यांचं मराठी पुराण, आणि लिहिणारा इंग्रज! इंग्लंड कॅथलिकच राहिलं असतं, तर हा गृहस्थ तिकडेच कुठल्या तरी खेड्यात लॅटिन मिस्सा करत म्हातारा झाला असता. आत्याला ही गोष्ट सांगितली की ती म्हणते, "बघ, तुझ्या काकांच्या लोकांनी छळ केला म्हणून मराठीला पुराण मिळालं." काकांच्या लोकांचा आणि इंग्लंडच्या राजाचा तसा काही संबंध नाही. पण आत्याच्या लेखी लूथरपासून काकांपर्यंत सगळे प्रोटेस्टंट सख्खे भाऊ आहेत.

आता आमच्या घरच्या वादाकडे येते. एका नाताळला फराळाची ताटं समोर होती आणि काका हळू आवाजात माझ्या वडिलांना कुणा ओळखीच्या गृहस्थाबद्दल सांगत होते. "फार वाईट झालं. त्यांच्या हातून सातवी आज्ञा मोडली." पोरं आजूबाजूला असल्यामुळे त्यांनी नाव टाळलं होतं आणि कृत्यही टाळलं होतं. चकलीचा घाणा काढणाऱ्या आत्याच्या कानावर तेवढंच पडलं. ती स्वयंपाकघरातून मोठ्याने म्हणाली, "मग त्यात एवढं काय दादा? परत करायला सांगा. एकरकमी जमत नसेल तर हप्त्याने द्यावं."

काकांच्या हातातली करंजी तिथेच थांबली.

झालं होतं ते असं. दहा आज्ञा दोघांच्याही दहाच, पण मोजणी वेगळी. मूळ ग्रंथात आज्ञांना आकडे घातलेले नाहीत. काकांच्या परंपरेत दुसरे देव नकोत ही पहिली आज्ञा आणि मूर्ती नकोत ही दुसरी. संत ऑगस्टीनच्या मोजणीने चालणाऱ्या कॅथलिकांत हे दोन्ही एकाच आज्ञेत येतं. त्यामुळे पुढचा प्रत्येक आकडा एकाने सरकतो. काकांची सातवी आज्ञा व्यभिचाराची, आत्याची सातवी चोरीची. काकांनी ती संडे स्कूलमध्ये बक्षीस मिळवून पाठ केलेली, आत्याने लग्नानंतर नव्याने.

उलगडा झाल्यावर हसून विषय संपायला हवा होता. पण काका मुख्याध्यापक. "शांते, तुम्ही मूर्तीची आज्ञा पहिलीत लपवलीत, म्हणून हा घोळ होतो. देवळात पुतळे ठेवायचे म्हणून आकडेमोड!" आत्याने झारा खाली ठेवला. "आणि शेवटी बघा ना दादा, काय ते. आमच्यात शेजाऱ्याच्या बायकोचा लोभ धरू नको ही वेगळी आज्ञा आहे आणि मालमत्तेचा वेगळी. तुमच्यात ती बिचारी घर, बैल आणि गाढव यांच्याबरोबर एकाच आज्ञेत बांधलेली. कुठे ठेवलीत बाईमाणसाला?" काकू इतका वेळ गप्प होत्या. त्या म्हणाल्या, "हे मात्र शांताताईंचं बरोबर आहे." पाचशे वर्षांच्या धर्मसुधारणेला आमच्या घरात एवढा मोठा धक्का दुसऱ्या कुणी दिलेला नाही.

मग पुस्तकांचा वाद निघाला. प्रोटेस्टंट बायबलात ६६ पुस्तकं, कॅथलिक बायबलात ७३. "तुमच्यात सात जास्त" आणि "तुमच्यात सात कमी" ही दोन वाक्यं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. यात मी मनातून आत्याच्या बाजूची आहे, आणि त्याचं कारण अगदी धर्मबाह्य आहे. त्या सातांपैकी तोबीतच्या पुस्तकात एक मुलगा लांबच्या प्रवासाला निघतो. वाटाड्या म्हणून देवदूत सोबत आहे, पण त्या मुलाला ते ठाऊक नाही. आणि त्यांच्याबरोबर मुलाचं कुत्रंही निघतं. कुत्र्याला पुढे कथेत काहीही काम नाही. ते फक्त जाताना बरोबर जातं आणि येताना बरोबर येतं. काकांच्या ६६ पुस्तकांत कुत्र्यांच्या वाट्याला बहुतेक हेटाळणीच आली आहे. एवढं एक साधं कुत्रं तरी त्या लोकांनी ठेवून घ्यायला हवं होतं, असं मला वाटतं.

धर्मगुरूंची तुलना हा खास जेवणानंतरचा विषय. आत्याचे यजमान सहसा बोलत नाहीत, पण एकदा म्हणाले, "आमच्या फादरची बदली झाली की ते एक ट्रंक घेऊन एस.टी.त बसतात. तुमच्या पाळकांना ट्रक लागतो." काकांचं उत्तर तयार होतं. "ट्रक लागतो, कारण त्यात बायको, पोरं आणि पोरांची सायकल असते. ज्याच्या घरात कधी भांडणच झालं नाही, तो आमची भांडणं काय मिटवणार?" दोघांचंही खरं आहे. मावशीचे यजमान अशा वेळी त्यांच्या आद्यपुरुषाची गोष्ट काढतात. सनदी नोकरी सोडून १८८२ मध्ये मुंबईत उतरलेले फ्रेडरिक टकर भगवी वस्त्रं घालून, फकीरसिंग नाव घेऊन हिंडले आणि रस्त्यात वाजतगाजत मिरवणूक काढली म्हणून पोलिसांनी त्यांना धरलं. या गोष्टीपुढे ट्रंक आणि ट्रक दोन्ही फिके पडतात.

पाण्याचा वाद तर आमच्या जिल्ह्यात जरा जपूनच करावा लागतो. बाप्तिस्मा शिंपडून द्यायचा की बुडवून, तान्ह्या मुलाला द्यायचा की समजत्या माणसाला, यावरून युरोपात रक्त सांडलं आहे. नगरच्या अवर्षणात मे महिन्यात बुडवणाऱ्यांना कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहावी लागते. शिंपडणाऱ्यांचं काम तांब्यात भागतं. यावरून देव कुणाच्या बाजूने आहे ते उघड होतं, असं काका म्हणतात.

"आमचं चर्च पहिल्यापासून एकच आहे" हा आत्याचा हुकमाचा एक्का. तो पडला की काका मुंबई काढतात. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १९२८ पर्यंत मुंबईच्या कॅथलिकांवर दोन सत्ता होत्या. काही चर्चं पोर्तुगालच्या हक्काखाली, तर काही थेट रोमच्या. एकाच शहरात, एकाच मिस्साचे, एकाच पोपला मानणारे दोन तट. १९२८ च्या करारात ठरलं की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा. "म्हणजे नगरपालिकेतल्या दोन गटांसारखं," असं काका म्हणतात. आत्या म्हणते, "पण शेवटी व्हॅलेरियन ग्रेशस आले की नाही? आपला माणूस! कार्डिनल झाले." यावर काकांना बोलता येत नाही, कारण आपला माणूस मोठा झाल्याचा आनंद त्यांनाही आहेच.

या साऱ्या गोंधळात दोन माणसं आम्हाला सगळ्यांनाच आपली वाटतात, आणि दोघांनाही कुठल्याच पंथाला धड सांभाळता आलं नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला तो अँग्लिकन चर्चमध्ये. पण तिथल्या सिस्टरांना वाटलं होतं तशी शिष्या काही त्यांना मिळाली नाही. बाई मांसाला शिवेनात, क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, म्हणून विचारू लागल्या. प्रत्येक सिद्धांतावर त्यांची पत्रापत्री चाले. शास्त्री बापाची लेक, वाद तिच्या रक्तात. इंग्लंड-अमेरिकेत एकाच ख्रिस्ताच्या नावाने चाललेले इतके पंथ पाहून आपण किती चक्रावलो, हे त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं आहे. केडगावला त्यांनी मुक्ती मिशन उभं केलं, ते कोणत्याच एका पंथाचं नव्हतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तो अमेरिकन मिशनमध्ये, पण १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही बसू शकत होते. दोनच वर्षांत टिळक गेले आणि दरबार फार चालला नाही. त्यांची भजनं मात्र काकांच्या मंडळीत टाळ-तबल्यावर चालतात आणि आत्याच्या मिस्सातही. ती गाताना दोघंही एकाच जागी चुकतात, कारण दोघांना ती एकाच आईने शिकवली.

संस्थेच्या पातळीवर एकीचा प्रयत्न झाला तो नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० ला. चाळीस वर्षांच्या वाटाघाटींनंतर सहा चर्चं मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. अँग्लिकन आले, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल आले, बॅप्टिस्ट आले, ब्रेदरन आले, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट आले, डिसायपल्स आले. तान्ह्याचा बाप्तिस्मा आणि समजत्याचा बाप्तिस्मा दोन्ही चालतील, असं त्यांनी ठरवलं. ज्या प्रश्नावर माणसं बुडवून मारली गेली, तो भारतात एका कलमात मिटला. मला याचा खरंच अभिमान वाटतो. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाजूला झाले. काका त्यांना अजून माफ करायला तयार नाहीत. लग्नपत्रिकेत नाव छापून झाल्यावर मुलगा पळाला, असा त्यांचा सूर असतो.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. आत्याचा नातू आणि त्याची बायको हिंजवडीला असतात. ते रविवारी एका हॉलमध्ये जातात. तिथे एसी आहे, गिटार आहे, पडद्यावर गाण्याचे शब्द येतात आणि पाळक जीन्स घालतात. घरी आल्यावर काकांनी विचारलं, "हे कुठलं रे चर्च?" तो म्हणाला, "आजोबा, आमचा कुठलाच पंथ नाही. आम्ही फक्त ख्रिस्ताचे."

काकांनी चष्मा काढला. त्यांनी पोराला सांगितलं की हे अमेरिकेत १८०९ मध्येच लिहून झालंय. थॉमस कँपबेल आणि त्यांचा मुलगा अलेक्झांडर. सगळे पंथ मोडून फक्त ख्रिस्ताचे व्हायचं म्हणून निघाले, आणि त्यांचाच एक पंथ झाला, आणि त्या पंथाचे पुढे आणखी तुकडे झाले. नागपूरला जे डिसायपल्स आले, ते त्यांचेच. "तुझ्या गिटारवाल्यांना म्हणावं, पन्नासेक वर्षं थांबा." आत्याने दादाच्या म्हणण्याला जोरजोरात मान डोलावली. मला तरी हे दोघं धर्माच्या बाबतीत एका बाजूला असलेले पहिल्यांदाच दिसत होते. गुडघे टेकायचे नाहीत, उभं राहायचं नाही, दोन तास नुसती गाणी, आणि वर्गणी म्हणे मोबाईलवरून! दोघांनी मिळून त्या पोराला जेवण होईपर्यंत सोडलं नाही.

शेवटी आत्याने खरा प्रश्न विचारला. "ते सगळं ठीक आहे रे बाळा. पण तुमच्या त्या हॉलला सिमेट्री आहे का? उद्या काही झालं तर नेणार कुठे तुम्हाला?"

पोरगा गप्प झाला. चर्चच्या वेबसाइटवर हा मुद्दा नसावा.

काका मायेने म्हणाले, "काळजी करू नकोस. आमच्यात जागा भरपूर आहे."

"जागा असेल," आत्या म्हणाली, "पण आमच्यात कडुलिंबाची सावली आहे. आणि नोव्हेंबरात सगळ्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. दादा, तुमच्यात कोण लावतं?"

"मेणबत्तीने तारण होत नाही, शांते," काका म्हणाले, आणि त्यांनी चष्मा पुन्हा लावला.